ऑनलाइन धमकी आणि मुलांचे गप्प राहणे: पालकांनी काय समजून घ्यावे

मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सायबर जागरूकता महिन्याचे उद्घाटन झाले. त्या समारंभात अभिनेते अक्षय कुमार यांनी स्वतःच्या घरातला एक प्रसंग सांगितला. त्यांची शाळकरी मुलगी एका अनोळखी खेळाडूबरोबर ऑनलाइन गेम खेळत होती. समोरून आधी खेळाविषयीचे सभ्य संदेश येत होते. मग ‘तू मुलगा की मुलगी’ असा प्रश्न आला आणि तिने उत्तर दिल्यावर नग्न छायाचित्रांची मागणी झाली. मुलीने सगळे बंद केले आणि जाऊन आईला सांगितले. पालकांनी सर्वांत जास्त विचार करावा तो या शेवटच्या कृतीचा. अशी मागणी करणारी माणसे मुलांच्या फोनपर्यंत पोहोचतात आणि सगळे उपाय योजूनही काही पोहोचतीलच. परंतु मागणी आल्याबरोबर घरातल्या मोठ्या माणसाला ती कळणे, हे अनेक घरांत घडत नाही.

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा स्क्रीनसमोर जाणाऱ्या तासांवर येऊन थांबते. तो विषयही महत्त्वाचा आहे, पण येथे एकाच धोक्याविषयी लिहीत आहे, कारण तो जिवावर बेतू शकतो आणि त्याची रीत पालकांना फारशी ठाऊक नसते. मुलाकडून खासगी छायाचित्र किंवा व्हिडिओ मिळवायचा, किंवा मुलाच्या साध्या छायाचित्रावरून बनावट तयार करायचा, आणि तो सगळीकडे पसरवण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी छायाचित्रे उकळायची, असा हा प्रकार आहे. पोलीस आणि वृत्तपत्रे त्याला सेक्स्टॉर्शन म्हणतात.

हा धंदा कसा चालतो

पहिला प्रकार झटपट चालणारा असतो. त्यात हेतू पैशांचा असतो आणि लक्ष्य बहुधा चौदा ते सतरा वर्षांचे मुलगे असतात. इन्स्टाग्रामवर समवयस्क मुलीच्या नावाने विनंती येते. छायाचित्रे दुसऱ्या कुणाची तरी चोरलेली असतात. मात्र मुलाला त्या खात्याशी जोडलेले आपल्याच वर्गातले चार-पाच मित्र दिसतात, कारण गुन्हेगाराने आधी त्यांना विनंत्या पाठवून ठेवलेल्या असतात. ओळखीचे चेहरे दिसल्यामुळे विश्वास बसतो. गप्पा सुरू होतात, थोड्याच वेळात त्या स्नॅपचॅट किंवा व्हॉट्सॲपवर नेल्या जातात, समोरून आधी एक छायाचित्र येते आणि ‘आता तुझे पाठव’ असा आग्रह होतो. काही वेळा व्हिडिओ कॉल येतो; त्यात पलीकडे खरी व्यक्ती नसते, आधी चित्रित केलेली फीत चालवलेली असते आणि या बाजूला मुलाचा चेहरा टिपला जातो. त्यानंतर काही मिनिटांतच सूर पालटतो. मुलाच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट त्यालाच पाठवला जातो आणि एवढ्या वेळात पैसे आले नाहीत तर या सगळ्यांना व्हिडिओ जाईल, असे सांगून मिनिटे मोजायला सुरुवात होते.

ही घाई धंद्याचाच भाग आहे. मुलाला विचार करायला, कुणाशी बोलायला वेळ मिळू नये, यासाठी ती केली जाते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मार्च २०२२ मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाला नायजेरियात बसलेल्या दोन भावांनी याच पद्धतीने गाठले, आणि पहिल्या संदेशानंतर काही तासांतच त्या मुलाने आपले जीवन संपवले. त्या रात्री त्याचे वडील त्याच घरात होते. पुढे दोन्ही भावांना अमेरिकेच्या ताब्यात देण्यात आले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये प्रत्येकी साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. गुन्हेगार परदेशात असला तरी त्याचा माग काढता येतो, हे या खटल्यातून दिसले. परंतु तो माग निघेपर्यंत मुलाला सावरणे हे घरातल्यांनाच करावे लागते.

दुसरा प्रकार संथ असतो आणि म्हणूनच ओळखायला अधिक अवघड असतो. फ्री फायर, बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया), रोब्लॉक्स यांसारख्या ऑनलाइन खेळांत अनोळखी खेळाडूंबरोबर स्क्वॉड म्हणजे संघ जमतो आणि कानाला हेडफोन लावून मुले त्यांच्याशी तासन्‌तास बोलत असतात. त्यातला एखादा ‘दादा’ चांगला खेळतो, हरवत आलेली बाजी सावरतो, कधी डायमंड (खेळातले चलन) किंवा नवी स्किन (खेळातला पोशाख) भेट देतो. मग डिस्कॉर्ड किंवा टेलिग्रामवर वेगळे बोलणे सुरू होते. तो मुलाच्या शाळेतल्या, घरातल्या तक्रारी मन लावून ऐकतो, तुझ्या आईवडिलांना तू कळतच नाहीस असे म्हणतो आणि हळूहळू हे बोलणे आपल्या दोघांतच राहू दे, असे वचन घेतो. छायाचित्राची मागणी कित्येक आठवड्यांनी येते आणि तीही आधी निरुपद्रवी वाटावी अशी असते. एकदा काही हाती लागले की तेच दाखवून पुढचे मागितले जाते. येथे हेतू पैशांचा नसतो. आणखी छायाचित्रे मिळवणे, किंवा प्रत्यक्ष भेटीला बोलावणे हा असतो. असा माणूस नेहमी अनोळखी असतो असेही नाही. क्लासमधला मोठा मुलगा, सोसायटीत येणाजाणारा कुणी, नात्यातला कुणी, हेही फोनच्या आडून असेच वागू शकतात.

तिसऱ्या प्रकारात तर मुलाने काहीच पाठवलेले नसते. वाढदिवसाचे किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाचे साधे छायाचित्र घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने त्यावरून अश्लील चित्र तयार केले जाते. ‘हा मी नाही’ असे सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही, या भीतीने ते मूल तितकेच गप्प बसते. पालकांनी स्वतः टाकलेली छायाचित्रेही यासाठी वापरता येतात, म्हणून शाळेचा गणवेश आणि बिल्ला स्पष्ट दिसणारी मुलांची छायाचित्रे सर्वांसाठी खुल्या खात्यावर न टाकलेली बरी.

तिन्ही प्रकारांत गुन्हेगाराच्या हातातले खरे शस्त्र एकच असते, आणि ते म्हणजे मुलाला वाटणारी घरच्यांची भीती. ‘तुझ्या पप्पांना पाठवतो’, ‘फॅमिली ग्रुपवर टाकतो’ ही वाक्ये तो उगाच लिहीत नाही. यादीतून तो नेमकी आईची, काकांची, ताईची नावे निवडून दाखवतो. पप्पांना कळले तर काय होईल, याचा मुलाच्या मनातला अंदाज जितका भयंकर, तितकी त्या माणसाची पकड घट्ट. म्हणून पालक जे जे करतील, मग ते बोलणे असो, नियम असो किंवा फोनमधली सेटिंग असो, त्याची पारख मला एकाच प्रश्नावर करावीशी वाटते: यामुळे मुलाला आपल्याला येऊन सांगणे सोपे जाईल की अवघड?

आधीच बोलून ठेवायच्या गोष्टी

संकट आल्यावर विश्वास निर्माण करता येत नाही, तो आधी असावा लागतो. त्यासाठी पालकांनी काही वाक्ये शांत वेळी, अगदी स्पष्ट शब्दांत बोलून ठेवावीत. ‘तुझ्या हातून काहीही झालं, फोटो पाठवला गेला, पैसे गेले, खोटं बोलला असशील, तरी तू मला सांग. मी तुझा फोन काढून घेणार नाही आणि तुला मारणार नाही. आपण दोघं मिळून ते निस्तरू.’ यातले फोनविषयीचे वाक्य वगळू नये. शाळा, मित्र, खेळ, क्लास हे सगळे फोनमध्ये असलेल्या मुलाला फोन जाण्याची भीती किती मोठी वाटते, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही, आणि ‘सांगितलं की फोन गेला’ एवढ्या एका हिशेबामुळे कित्येक मुले बोलत नाहीत.

हे वाक्य एकदा बोलून भागत नाही आणि ते खरे आहे की नाही हे मुले लहान गोष्टींवरून ठरवतात. स्क्रीन फुटली, कमी गुण मिळाले, गेममध्ये न विचारता शंभर रुपये गेले, हे सांगितल्यावर काय झाले होते, ते त्यांच्या लक्षात असते. त्याहून अधिक परिणाम होतो तो पालक दुसऱ्यांच्या मुलांविषयी काय बोलतात याचा. जेवताना अशी एखादी बातमी दूरदर्शनवर लागली आणि ‘त्या मुलीनेच असले फोटो कशाला काढले’ असे उद्गार निघाले, तर शेजारी बसलेल्या मुलीला तिच्या वेळी काय ऐकावे लागेल हे तेवढ्यात कळलेले असते. त्या ठिकाणी ‘तिला फसवणाऱ्याचा दोष आहे, आणि तिने घरी सांगितलं हे तिने फार धीराचं काम केलं’ एवढे बोलणे पुष्कळ उपयोगी पडते.

आपल्या घरांत या विषयावर बोलणे झालेच तर ते मुलींशी होते. मुलगे त्यातून सुटतात आणि पैशांसाठी चालणाऱ्या प्रकारात नेमके तेच सापडतात. मुलाला हे सगळे तपशिलासह सांगितले पाहिजे: ती मुलगी खरी नसते, व्हिडिओ आधीच चित्रित केलेला असतो, पैसे दिले तरी मागणी थांबत नाही, आणि हे देशोदेशीच्या हजारो मुलांच्या बाबतीत झाले आहे. वडिलांनी हे सांगितले तर अधिक चांगले. ज्या मुलाला धंद्याची रीत आधीच ठाऊक असते, त्याला तो संदेश आला की ओळख पटते, आणि ओळख पटली की निम्मी भीती उतरते.

लहान मुलांशी, सात-आठ वर्षांच्या वयात, यातला लैंगिक तपशील बोलण्याची गरज नाही. कोणतेही मोठे माणूस ‘आईला सांगू नकोस’ म्हणाले तर ती गोष्ट आईला सांगायचीच, एवढा एक नियम त्या वयाला पुरतो. आणि कितीही मोकळे घर असले तरी काही गोष्टी मुलांना आईवडिलांना सांगवत नाहीत, हे मान्य करून मावशी, आत्या, मामा किंवा थोरली चुलत बहीण यांपैकी कुणाला सांगितले तरी चालेल, हे नाव घेऊन ठरवून ठेवावे. त्या व्यक्तीशीही आधी बोलून ठेवावे, म्हणजे तिकडून पहिली प्रतिक्रिया ओरडण्याची येणार नाही.

खात्यावरचे वय आणि फोनमधली सोय

फोनच्या सेटिंगमध्ये काय करावे याच्या लांबलचक याद्या सगळीकडे मिळतात. त्यांतली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तीच बहुतेक वेळा पाहिली जात नाही: मुलाच्या खात्यावर जन्मतारीख कोणती टाकलेली आहे. इन्स्टाग्रामवर खाते उघडण्याचे किमान वय १३ आहे. सप्टेंबर २०२४ पासून कंपनीने अठरा वर्षांखालील मुलांसाठी ‘टीन अकाउंट’ची व्यवस्था आणायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती भारतासाठी जाहीर झाली. त्यात खाते आपोआप खासगी राहते, जोडलेल्या नसलेल्या अनोळखी माणसाला मुलाकडे संदेश पाठवता येत नाही आणि सोळा वर्षांखालील मुलाला ही बंधने सैल करायची असतील तर पालकांची परवानगी लागते. परंतु ही सगळी व्यवस्था नोंदवलेल्या वयावर चालते. दहा-अकराव्या वर्षी खाते उघडताना थोरल्या भावाने स्वतःची किंवा पालकांनी आपलीच जन्मतारीख टाकून दिली असेल, तर कंपनीच्या हिशेबी ते मूल आज प्रौढ आहे आणि त्याला यातले कोणतेही संरक्षण आपोआप मिळत नाही. म्हणून मुलाला शेजारी बसवून ती तारीख पाहावी आणि चुकीची असल्यास दुरुस्त करावी.

त्याच बैठकीत फॉलोअर्सची यादी पाहावी. धमकी देणाऱ्याला लागते ती हीच यादी. ज्यांना मूल प्रत्यक्ष ओळखत नाही ती नावे मुलाने स्वतः काढून टाकावीत आणि खाते खासगी करावे. खेळांमध्ये अनोळखी खेळाडूंशी आवाजी बोलणे बंद करता येते. निदान लहान मुलांसाठी ते बंदच असावे. अँड्रॉइड फोनवर गूगलचे फॅमिली लिंक हे मोफत साधन आहे. त्यात नवे ॲप घेण्यापूर्वी पालकांची संमती लागते आणि वापराची वेळ ठरवता येते. मात्र ते मुलांच्या गप्पा वाचून दाखवत नाही, म्हणजे संथ प्रकारच्या फसवणुकीवर तो उपाय नव्हे. अनेक घरांत मुलाचा स्वतंत्र फोन नसतो, आईचाच फोन संध्याकाळी मुलाकडे असतो. अशा घरात यूपीआयचा पिन मुलाला ठाऊक नसणे ही मोठी काळजी घेण्याची गोष्ट आहे.

मुलाच्या नकळत त्याचे संदेश वाचणारी ॲप बाजारात मिळतात. ती वापरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. हेरगिरी उघडी पडली की मूल दुसरे खाते उघडते, मित्राच्या फोनवरून बोलते, आणि जे सांगण्याची शक्यता होती तेही सांगत नाही. दहा-बारा वर्षांपर्यंत ‘तुझा फोन मी अधूनमधून तुझ्यासमोर पाहणार’ असे उघड सांगून पाहावे, आणि पुढे वयाप्रमाणे ते कमी करत जावे.

कायद्याने वयाची बंधने घालण्याचे प्रयत्नही चालू आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले आणि त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरवलेली आहे. या तरतुदींचे स्वागत करावे, पण त्यांच्या भरवशावर घरातले बोलणे पुढे ढकलू नये.

मूल येऊन सांगते तेव्हा

पहिले वाक्य ‘सांगितलंस ते बरं केलंस’ असे असावे. ‘का केलंस’ हा प्रश्न त्या दिवशी विचारू नये. त्याचे उत्तर मिळाले तरी त्या घटकेला त्याचा काही उपयोग नसतो. मुलाला एकटे सोडू नये आणि विशेषतः पहिल्या रात्री कुणीतरी जवळ झोपावे, कारण जिवाला धोका असतो तो याच तासांत.

पैसे देऊ नयेत. दिल्याने व्हिडिओ नष्ट होत नाही, फक्त हे घर पैसे देते एवढे कळते आणि रक्कम वाढत जाते. उत्तर देणे थांबवावे, पण रागाच्या भरात गप्पा, खाते किंवा ॲप काढून टाकू नये, कारण पुरावा तिथेच असतो. धमकीचे संदेश तारीख-वेळेसह, समोरच्याचे खात्याचे नाव, त्या खात्याची लिंक, फोन क्रमांक, यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. ते झाल्यावर त्या खात्याची त्याच ॲपवर तक्रार करावी आणि ते ब्लॉक करावे. मुलाचे ते छायाचित्र मात्र पुराव्यासाठी म्हणूनही कुणालाच पाठवू नये, ना काकांना, ना ओळखीच्या वकिलांना, ना मुख्याध्यापकांना. अठरा वर्षांखालील मुलाचे तसे चित्र पुढे पाठवणे हाच गुन्हा आहे. ते फोनमध्ये आहे तिथे राहू द्यावे आणि पोलिसांना फोनच दाखवावा.

पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा. जितक्या लवकर कळवले जाईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. पैसे गेलेले नसले तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या पोर्टलवर महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे नाव न देताही तक्रार करता येते. मात्र पुढचा तपास हवा असेल तर नावानिशी तक्रार करणे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जाणे अधिक उपयोगी ठरते. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला या कारणावरून तक्रार नाकारता येत नाही. तातडीचा धोका वाटला तर ११२, आणि मुलालाच कुणाशी बोलायचे असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून १९९६ मध्ये सुरू झालेली ही सेवा आता शासनाकडून चालवली जाते.

छायाचित्र पसरू नये यासाठी एक साधन आहे, ज्याची माहिती आपल्याकडे फारच थोड्यांना असते. अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा सुरू केली आणि ती जगभरातून वापरता येते. मूल किंवा पालक आपल्याच फोनवर ते छायाचित्र निवडतात. छायाचित्र फोनबाहेर जात नाही, त्यावरून फक्त अंक-अक्षरांची एक ओळ तयार होते. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखता येतो पण ठशावरून चेहरा काढता येत नाही, तसेच हे आहे. ती ओळ फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट अशा सहभागी कंपन्यांकडे जाते आणि तेच छायाचित्र त्यांच्या मंचावर कुणी टाकू लागला तर ते ओळखून अडवता येते. व्हॉट्सॲपच्या बंद गप्पांत याचा उपयोग होत नाही, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवावी. याशिवाय भारतात २०२१ मध्ये आलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी, एखाद्याचे नग्न किंवा बदल केलेले बनावट चित्र टाकले गेल्याची तक्रार त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी केल्यास ते काढण्यासाठी कंपन्यांना २४ तासांची मुदत घालून दिली. मुलाच्या वतीने पालक ही तक्रार करू शकतात.

आणखी एक गोष्ट, जी करायला पालकांना धीर लागतो. धमकी नातेवाइकांना पाठवण्याची असेल, तर ज्यांची नावे घेतली गेली त्या दोन-चार जणांना आधीच कळवावे: ‘आमच्या मुलाला कुणीतरी फसवून त्रास देत आहे. अनोळखी खात्यावरून काही आले तर उघडू नका, पुढे पाठवू नका, आम्हाला कळवा.’ यापेक्षा अधिक सांगायची गरज नसते. पालकांनीच बोलून टाकले की त्या धमकीत फारसे काही उरत नाही, आणि घरचे आपल्या बाजूने उभे आहेत हे मुलाला डोळ्यांनी दिसते.

कायदा मुलाकडे कसे पाहतो

तक्रार केली तर मुलावरच काही शेकेल, ठाण्यात खेटे घालावे लागतील, नाव छापून येईल, या भीतीने अनेक पालक मागे हटतात. पॉक्सो म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, बालक आहे, आणि त्याने ‘स्वतःहून पाठवले’ हा आरोपीचा बचाव होऊ शकत नाही. मुलाच्या चित्राचा, खऱ्या किंवा बनावट, वापर करण्याची धमकी देणे हाही या कायद्याखाली गुन्हा आहे. कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. कोणत्याही मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. कलम २३ नुसार माध्यमांना मुलाची ओळख उघड करता येत नाही. ठाण्यात वेगळी वागणूक मिळाली तर ही कलमे शांतपणे पुढे ठेवण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब मुलांची अशी चित्रे बनवणे, पाठवणे, शोधणे, इतकेच नव्हे तर मुलांना लैंगिक हेतूने ऑनलाइन संबंधात ओढणे यासाठीही लागू होते. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात अशी चित्रे नुसती जवळ बाळगणेही कोणत्या परिस्थितीत गुन्हा ठरते हे स्पष्ट केले.

शाळांनाही हे लागू आहे. असा गुन्हा घडल्याचे कळल्यावर तो पोलिसांना कळवणे पॉक्सोच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘शाळेचे नाव खराब होईल, आपसांत मिटवू’ असे सुचवले गेल्यास ते मान्य करू नये.

याच कायद्याची दुसरी बाजू मुलग्यांच्या पालकांनी विशेष समजून घ्यावी. वर्गातल्या मुलीचे छायाचित्र ग्रुपवर आले आणि आपल्या मुलाने ते गंमत म्हणून पुढे ढकलले, तर त्याने त्या मुलीच्या छळात भाग घेतलेला असतो आणि कायद्याने गुन्हाही केलेला असतो. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल न्याय मंडळापुढे जाते. असे काही आपल्या फोनवर आले तर पुढे पाठवायचे नाही, ‘कुणी पाठवलं’ म्हणत ग्रुपवर चर्चाही करायची नाही, लगेच मोठ्या माणसाला दाखवायचे, हे मुलाला आजच सांगावे. आणि त्याच्या हातून ते आधीच घडले असेल, तर घरात लपवाछपवी करण्याऐवजी जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन पुढे व्हावे. येथेही त्याने आपल्यापाशी येऊन बोलणे अवघड होऊ देऊ नये.

तक्रारीनंतरचे दिवस

तपासासाठी पोलीस मुलाचा फोन ताब्यात घेऊ शकतात. ती शिक्षा नसून पुरावा आहे, हे त्याला समजावून सांगावे आणि अभ्यासासाठी तेवढ्यापुरती दुसरी सोय करावी, नाहीतर ‘सांगितलं की फोन गेला’ हाच हिशेब खरा ठरतो. झोप उडणे, जेवण कमी होणे, शाळा टाळणे, फोन वाजला की दचकणे हे काही आठवडे चालू राहू शकते. ते कमी होत नसेल किंवा मूल जगणे नको असल्यासारखे बोलत असेल, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. टेलि-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा, कारण तोच माणूस महिन्या-दोन महिन्यांनी नव्या खात्यावरून पुन्हा संदेश पाठवू शकतो. तसा संदेश आला तर मुलाने तो एकट्याने न वाचता घरी आणून दाखवावा आणि पालकांनी त्याचा स्क्रीनशॉट जुन्याच तक्रारीला जोडावा, हे दोघांनी आधीच ठरवून ठेवावे.